अनुभवाचा रकाना

पुण्याच्या पश्चिमेस, पाषाणच्या पलीकडे आमचे सूस गाव आहे. मुळशी तालुक्यातील हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. पूर्वी येथे कामासाठी कोणी लेखी अर्ज करीत नसे. भाताची लावणी कोणाची झपाझप होते, कोणाच्या हाती पैशाची पिशवी निर्धास्तपणे द्यावी, हे साऱ्या गावास ठाऊक असे. आता मुले ज्या कचेऱ्यांत काम मागावयास जातात, तेथे त्यांना ओळखणारे कोणीच नसते. म्हणून आपली ओळख आपणच कागदावर लिहून न्यावी लागते. त्या कागदास बायोडाटा म्हणतात.

गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी बारावी उत्तीर्ण झाली. एका दुकानात हिशेबास मदतनीस हवा होता. नाव, पत्ता, शिक्षण एवढे लिहून ती मजकडे आली. 'अनुभव' हा रकाना कोराच होता.

"काका, येथे काय लिहू? एक मैत्रीण म्हणते, कोठेतरी वर्षभर नोकरी केली असे ठोकून दे. कोण विचारायला जाते?"

मला तो सल्ला मुळीच रुचला नाही. मी तिला आनंदीबाई जोशी यांच्या अर्जाची हकीकत सांगितली. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. त्यांचे शिक्षण बहुतांशी घरीच, पती गोपाळराव यांच्यापाशी झालेले. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यात, प्रवेशपरीक्षेच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे त्यांनी सरळ मान्य केले. मग आपल्यापाशी काय आहे ते सांगितले: चांगली प्रकृती आणि आप्तांचा व जातीचा विरोध सोसून इतक्या दूर आणणारा निश्चय. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, असेही त्यांनी लिहिले. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

"पण त्यांनी तर समुद्र ओलांडला होता. मी काय केले आहे?" मुलगी म्हणाली.

"तुझ्या आईच्या बचत गटाची वही कोण लिहिते?"

"मीच. आठवीपासून. बारा बायका आहेत. पण ते घरचेच काम, काका!"

घरचे काम म्हणजे काम नव्हे, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. विशेषतः ते मुलीने केलेले असले म्हणजे.

"हिशेब कधी चुकला का?"

"एकदा चाळीस रुपयांचा फरक आला होता. दोन रात्री बसून शोधून काढला. एक हप्ता दोनदा मांडला गेला होता."

हे सांगताना तिचा आवाज बदलला. मग तिने स्वतःच लिहिले: 'बारा सभासदांच्या बचत गटाची जमा व कर्जफेड चार वर्षे लिहीत आहे.' त्याखाली, 'नोकरीचा अनुभव नाही.'

"हे दुसरे वाक्य राहू द्यावे का?" तिने विचारले.

"राहू दे. आणि खाली गटाच्या अध्यक्षबाईंचे नाव घाल. दुकानदारास खात्री करून घ्यावीशी वाटली, तर तो त्यांना विचारील."

"पण आधी त्यांना विचारायला हवे," असे म्हणून ती वही काखेत मारून त्यांच्या घराकडे निघालीसुद्धा.