एक तलवार आणि चाळीस रानडुकरं

वयाच्या सत्तराव्या वर्षी माणसाने काय करू नये, याची एक यादी आमच्या हिच्याकडे कायम तयार असते. डब्यातले लाडू मोजू नयेत, वॉचमनशी राजकारणावर बोलू नये, वगैरे. पण ‘नातवाची तलवार मोडू नये’ हे कलम तिच्या यादीत नव्हतं. असतं, तर पुढचा प्रसंग टळला असता.

सुरुवात अगदी सात्त्विक हेतूने झाली. “अहो, तो दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. जरा बोला त्याच्याशी,” असं हिने सांगितलं, म्हणून मी बोलायला गेलो. काय खेळतोय ते कळल्याशिवाय रागवायचं कसं, म्हणून शेजारी बसून बघू लागलो. पंधरा दिवसांनी, “तुम्ही दोघं जेवायला येताय का?” अशी हाक येऊ लागली.

खेळ कोरियाचा. आपण एक वीर व्हायचं आणि ठिकठिकाणच्या हजारो वीरांबरोबर एका काल्पनिक राज्यात हिंडायचं. १९९८ साली दक्षिण कोरियात ‘लिनिएज’ नावाचा असा खेळ आला आणि तुफान चालला. त्याच जातीचा ‘रॅग्नारोक’ तर वीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही येऊन गेला. आमचा नातू खेळतो तो ह्याच घराण्यातला, मोबाइलवरचा. नाव सांगत नाही. सोयरीक तुटायला नको.

मी माझ्या वीराचं नाव ‘हेडक्लार्क’ ठेवलं. आत शिरताक्षणी एका म्हाताऱ्याने सांगितलं, “हे वीरा, राज्य संकटात आहे! दहा रानडुकरं मारून ये.” मारली. म्हणाला, “शाब्बास! आता वीस मार.” तीही मारली. पुढच्या गावी गेलो तर तिथे दुसरा म्हातारा. त्याला चाळीस हवी होती, आणि ती तांबडी. बाकी डुक्कर तेच. पाठ वळली की मेलेली डुकरं उठून पुन्हा चरायला लागतात.

“आबा, ह्याला ग्राइंडिंग म्हणतात,” नातू म्हणाला.

३४ वर्षं मी बोरिवली-चर्चगेट केलं. संध्याकाळी फाइली संपवून घरी यावं, तर सकाळी टेबलावर तेवढ्याच फाइली. मला त्या शब्दाचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

दुसरं म्हणजे, त्या राज्यात कुरूप माणूस नाही. सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातून काढल्यासारखी. पुरुष चिलखत घालून उभे राहिले की लोखंडी कपाटासारखे दिसतात, आणि त्याच चिलखताची बायकांची आवृत्ती हातरुमालात बसेल एवढी. हिने एकदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, “हिला लढायला पाठवलंय की पोहायला?”

मग रोजची हजेरी. २८ दिवस न चुकता लावली तर मोठं बक्षीस. एवढा नियमित मी नोकरीतही नव्हतो. आणि कळस म्हणजे ‘ऑटो’. ते बटण दाबलं की वीर आपला आपण चालतो, आपण लढतो. फोन चार्जिंगला लावून आपण झोपावं आणि हेडक्लार्कने रात्रभर डुकरं मारावीत. “मग खेळतं कोण?” ह्या माझ्या प्रश्नाला नातवाकडे उत्तर नव्हतं. हिचं म्हणणं एवढंच, की असं बटण भांड्यांना का नाही?

पण खरी मेख पैशात. खेळ फुकट म्हणून शिरावं, आणि आत गेल्यावर कळतं की पैसे टाकणारा पुढे आणि आपण डुकरांत. तुम्ही म्हणाल, हे सगळीकडेच आहे. खरं आहे. २५ डिसेंबर २०१७ ला आमच्या बोरिवलीहून पहिली एसी लोकल सुटली, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. पण एसी लोकलचं तिकीट काढलं तर निदान एसी लोकल मिळते. इथे मिळते बंद पेटी. आत तलवार की टोपी, हे ज्याचं त्याचं नशीब!

बरं, नशीब तरी खरं असावं? जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने नेक्सॉन कंपनीला सुमारे ११६० कोटी वॉन दंड केला. ‘मेपलस्टोरी’ ह्या खेळातल्या विकतच्या वस्तूंतून हवे ते गुण लागण्याची शक्यता गुपचूप घटवली होती, आणि काही लोकप्रिय जोड्यांची तर चक्क शून्य केली होती. म्हणजे भिशीचे हप्ते घ्यायचे आणि डब्यात आपल्या नावाची चिठ्ठीच टाकायची नाही! त्याच वर्षी मार्चपासून असे आकडे जाहीर करण्याची सक्ती तिथे कायद्याने झाली.

पण आकडे जाहीर झाले म्हणून माणूस शहाणा होतो, असं नाही. नातवाची तलवार चौदाव्या पायरीवर होती. लोहाराकडे नेऊन ठोकून घेतली की एक पायरी वाढते. चौदापर्यंत यायला त्याला चार महिने लागले होते. पंधराव्या ठोक्याखाली स्पष्ट लिहिलं होतं: यशाची शक्यता ३० टक्के, फसल्यास तलवार नष्ट. तो क्लासला गेला होता. “आबा, तेवढी हजेरी लावा,” म्हणून फोन माझ्यापाशी ठेवलेला. शनिवारी त्याचा वाढदिवस. म्हटलं, पोरगं घरी येऊन बघेल तर पंधरा!

काच फुटल्यासारखा आवाज झाला.

पुढच्या अर्ध्या तासात पेन्शनच्या खात्यातून ५०० रुपयांच्या चार पेट्या घेतल्या. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस मी! मिळाल्या तीन टोप्या आणि तांबड्या डुकराचं एक कातडं.

तो आल्यावर सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. तेरा वर्षांच्या पोराला रडायचं नसलं की ते असंच उभं राहतं. “अरे, खोटी तर तलवार ती,” असं अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. तलवार खोटी असेल, चार महिने त्याचे खरे होते.

बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, “आबा, पैसे किती टाकलेत?”

“दोन हजार.”

“आजीला माहितीये?”

“नाही.”

“मी नाही सांगणार. पण परत टाकायचे नाहीत. शप्पथ?”

घेतली शप्पथ. गळा पकडून घेतली.

हल्ली क्लासनंतर रोज अर्धा तास आम्ही दोघं शेजारी बसून रानडुकरं मारतो. नवी तलवार तिसऱ्या पायरीवर आहे. ऑटोचं बटण दाबत नाही.

आता एकच काळजी. हे छापून आल्यावर पुस्तक हिच्या हाती पडू नये, अशी माझी खटपट चालू आहे. यशाची शक्यता ३० टक्के.