सरोवराकडून शरणपूरकडे

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही दोघे एकाच विभागात अठरा-वीस वर्षे शिकवत आलो आहोत. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून आरंभ करायचा, कानेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', पुलंची 'अपूर्वाई' अशी स्थानके घेत पुढे जायचे, आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व, निवेदनशैली, स्थलचित्रण या तीन मुद्द्यांत सगळे परीक्षेपुरते बसवून टाकायचे, हा आमचा परिपाठ. स्वतः मात्र आम्ही प्रवास म्हणावा असा प्रवास केला नव्हता. तो २०१८ च्या मे महिन्याच्या सुटीत घडला आणि परतल्यापासून हा परिपाठ आम्हांला पूर्वीसारखा जमेनासा झाला. त्याचे कारण इथे नोंदवावेसे वाटते.

नैरोबीहून निघायचे आणि टांझानिया, मलावी, झांबिया असे करत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत खुष्कीच्या मार्गाने जायचे, अशी ती सामुदायिक सहल होती. वाहन म्हणजे एक उंच ट्रक. वर आसने, पोटात तंबू, भांडी आणि शिधा. सोबतची मंडळी बहुतेक पंचविशीतली, निरनिराळ्या देशांतली. चाळिशी ओलांडलेले जोडपे आमचे एकटेच. तंबू आपला आपण ठोकायचा, स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या पाळ्या लावून घ्यायच्या. धुतलेल्या थाळ्या फडक्याने पुसायच्या नाहीत, हवेत हलवून वाळवायच्या, हा तिथला नियम. महाविद्यालयात परिसंवादाचे अध्यक्षस्थान भूषवणारे आम्ही दोघे भर वाऱ्यात दोन्ही हातांत थाळ्या घेऊन पंख्यासारखे हात हलवत उभे आहोत, हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले नाही हे बरेच झाले. आमच्या पाळीला आम्ही पिठले केले. ते संपले, कौतुकाने की भुकेने, ते कळले नाही.

टांझानियात असेपर्यंत आमचा विरंगुळा होता स्वाहिली शब्दांचा. 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी, 'हेसाबू' म्हणजे हिशेब, 'हाबारी' म्हणजे खबर, 'रांगी' म्हणजे रंग. अरबी-फारसीतून आणि हिंदी महासागरावरच्या व्यापारातून हे शब्द दोन्ही किनाऱ्यांना लागले, हे भाषाविज्ञानाच्या तासाला आम्हीच सांगत असतो. तरी रस्त्याकडेच्या पाटीवर 'दुका' वाचताना घरच्या माणसाची गाठ पडावी तसा आनंद होई. समुद्राने शब्द आणले, माल आणला, एवढेच तेव्हा मनात येत होते. माणसेही आणली, हे ध्यानात यायला सरोवराच्या काठी जावे लागले.

सोंग्वेची सरहद्द ओलांडून मलावीत शिरले की काही वेळाने डाव्या हाताला सरोवर दिसू लागते आणि मग दिवसचे दिवस साथ सोडत नाही. सुमारे पाचशे ऐंशी किलोमीटर लांब, रुंद तिथे पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास, आणि खोली सातशे मीटरची. तळे, तलाव, सरोवर हे आपले सगळे शब्द त्याच्यापुढे अपुरे पडतात. मे महिन्यात आग्नेयेकडून 'म्वेरा' नावाचा वारा सुटतो आणि लाटा कोकणातल्यासारख्या वाळूवर आपटतात. पाणी मात्र गोडे. काठाने 'उसिपा' हे बोटाएवढे मासे बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले असतात. लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये इथे आला तेव्हा त्याने या पाण्याचे नाव 'न्यासा' असे नोंदवले. याओ भाषेत त्याचा अर्थ सरोवर असाच. म्हणजे नकाशावर कित्येक वर्षे 'सरोवर सरोवर' असे नाव मिरवत होते. आजही टांझानियाला ते न्यासा आहे, मलावीला मलावी.

चितिंबा येथे दोन मुक्काम होते. वर डोंगरमाथ्यावर लिव्हिंग्स्टोनिया ही स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८९४ मध्ये वसवलेली वस्ती आहे. वीसेक वळणांचा खडीचा घाट पायी चढून आम्ही वर गेलो. तिथल्या जुन्या दगडी घरात लहानसे संग्रहालय आहे. ते दाखवणारे गृहस्थ वयाने आमच्याहून बरेच मोठे, निवृत्त शिक्षक होते. कुठून आलात, असे त्यांनी विचारले. भारतातून. भारतात कुठून? मुंबईजवळून, असे आम्ही सवयीने म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा गावाचे नाव सांगितले : नाशिक.

"नासिक बॉईजचे नासिक?" ते म्हणाले.

आम्हांला काहीच बोध झाला नाही. त्यांना वाटले, आपला उच्चार चुकला. त्यांनी तो दोनदा सुधारून पाहिला. उच्चार बरोबर होता. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आमच्याच गावाची गोष्ट आम्हांला सांगितली. परतल्यावर आम्ही ग्रंथांतून ती पडताळून पाहिली.

एकोणिसाव्या शतकात या सरोवराच्या काठची माणसे पकडून पूर्वेकडे समुद्राकडे नेत आणि गलबतांतून विकायला पाठवीत. इंग्रज आरमाराने अशी काही गलबते अडवली आणि सुटका झालेल्यांपैकी अनेक मुले मुंबईला उतरवली. त्यांतल्या काहींना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूर या वसाहतीत ठेवले. तिथे ती शिकली, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकली. लिव्हिंग्स्टनच्या सोबत असलेले चुमा आणि विकाटानी हे दोन याओ मुलगे १८६४ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या देखरेखीखाली राहिले. १८६६ च्या आरंभी मुंबईहून अखेरच्या सफरीला निघताना लिव्हिंग्स्टनने त्या दोघांबरोबर शरणपूरचे काही तरुणही घेतले. सरोवराच्या दक्षिण टोकाशी विकाटानीला आपल्या नातलगांचा ठावठिकाणा लागला आणि तो तिथेच राहिला. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीला जी माणसे पाठवली गेली त्यांत जेकब वेनराइट होता. तोही याओ, तोही शरणपूरचा. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तिथे पुरले, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर मृत्यूची नोंद कोरली. चुमा, सुसी, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालत समुद्रकिनारी बागामोयोला पोहोचवला. जेकब शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनप्रसंगी शवपेटीवरचे आच्छादन धरणाऱ्यांत होता. या वाटचालीची त्याने दैनंदिनी लिहिली, इंग्रजीत.

हे सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी विचारले, "तुमच्या गावात त्या मुलांची आठवण लोक कशी काढतात?"

आमच्यापैकी एकीची स्कूटर रोज दोनदा शरणपूर रोडवरून जाते. 'शरण' या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही वर्गात सांगितलेली आहे. पण त्या रस्त्याला हे नाव का, हा प्रश्न आम्हां दोघांनाही कधी पडला नव्हता. पाहुण्याला शोभेल असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. ते ओळखून त्यांनी विषय बदलला. त्यांचा तो सभ्यपणा आम्हांला अधिक लागला.

घाट उतरताना आमचे भांडण झाले. एकाचे म्हणणे, जे पाठ्यपुस्तकात नाही, गावाच्या बोलण्यात नाही, ते ठाऊक नसल्याचा दोष आपण का घ्यावा? दुसरीचे म्हणणे, पाठ्यपुस्तके करणाऱ्या समित्यांवर आपणच तर बसतो. मग कोणी काही बोलले नाही. त्या रात्री जेवणात 'न्सिमा' होते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तंबूत निजल्यावर लाटांचा आवाज पहाटेपर्यंत येत होता.

आणखी तीन दिवसांनी, सरोवराच्या काठाने दक्षिणेकडे जाताना ट्रक न्खोटाकोटाला थांबला. हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. इथून माणसे नावांत भरून पलीकडच्या तीरावर नेत. १८६३ मध्ये लिव्हिंग्स्टन ज्या झाडाखाली इथल्या सत्ताधीशाशी बोलला असे सांगतात, ते झाड दाखवतात. सोबतच्या मुलांनी छायाचित्रे काढली. आम्ही पाण्याकडे पाहत उभे राहिलो. इतक्या दिवसांत प्रथमच ते पाणी आम्हांला सुंदर वाटले नाही.

तेव्हापासून 'प्रवास' हा शब्द आम्हांला अडवतो. 'वस्' म्हणजे राहणे; प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणे. त्यासाठी आधी घर हवे. आमची सगळी प्रवासवर्णने परतीची खात्री असलेल्यांनी लिहिलेली आहेत. झाशीच्या धुमश्चक्रीत सापडलेले गोडसे भटजीदेखील अखेर वरसईला परत येतात. जेकबचे घर कोणते? सरोवराकाठचे, की शरणपूरचे? त्याच्या कानांवर नाशिकचा मराठी बाजार पडला असणार, गोदावरीचा पूर त्याने पाहिला असणार. १८७३ हेच जोतीरावांच्या 'गुलामगिरी'चे वर्ष. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेले ते पुस्तक आम्ही दरवर्षी शिकवतो आणि त्या अर्पणपत्रिकेवर प्रश्नही काढतो. त्याच काळात गुलामीतून सुटलेली मुले आमच्या गावात पाटी-पेन्सिल घेऊन बसत होती, हे दोन धागे आम्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. प्रवासवर्णनाच्या पहिल्या तासाला फळ्यावर गोडसे भटजींच्या नावाशेजारी जेकब वेनराइटचे नाव लिहिले आणि वरची हकिकत सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण हा मराठी लेखक नाही ना?" नाही, असेच उत्तर द्यावे लागले. मग आम्ही तोच प्रश्न जरा फिरवून निबंधाला दिला : नाशिकला वाढलेल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या, सरोवराकाठच्या या याओ तरुणाला आपल्या प्रवासवर्णनाच्या इतिहासात जागा द्यावी काय? निम्म्या वर्गाने नको म्हटले आणि त्यांची कारणे वाईट नव्हती. एका मुलीने फक्त एवढेच लिहिले होते, की ती शरणपूर रोडला राहते आणि तिने घरी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. गुण द्यायचे कसे, यावर आमचे पुन्हा भांडण झाले. पण त्या संग्रहालयातल्या गृहस्थांना आता आमच्याकडे सांगण्यासारखे थोडेसे आहे. ते आम्ही त्यांना पत्राने कळवले आहे.