थांबलेल्या कामाचे मोजमाप

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बहुतेक संस्थांमध्ये माणसे किती गुंतलेली आहेत याचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. हाती घेतलेले काम मात्र किती काळ नुसतेच पडून राहिले, याची नोंद क्वचितच आढळते. भारतातील सॉफ्टवेअर-सेवा उद्योगात हे विशेष जाणवते. उपलब्ध मनुष्यतासांपैकी किती तास ग्राहकाच्या कामी लागले याचे प्रमाण, म्हणजे ‘युटिलायझेशन’, इन्फोसिससारख्या कंपन्या तिमाही निकालांबरोबर जाहीर करतात, आणि हिंजवडीपासून हैदराबादपर्यंत ‘बेंचवर’ जाण्याची, म्हणजे प्रकल्पाविना बसून राहण्याची, धास्ती अभियंत्यांच्या मनात कायम असते. मनुष्यतासांवर बिल लावणाऱ्या धंद्याला हा आकडा पाहावाच लागतो, त्यात गैर काही नाही. परंतु रोजचे काम कसे चालावे हेही तोच आकडा ठरवू लागला, की प्रत्येक जण व्यग्र आणि प्रत्येक काम रखडलेले, अशी अवस्था येते.

या अवस्थेवर नेमके बोट ठेवणारा विचार मोटारींच्या कारखान्यातून आला. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी उत्पादनातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले, आणि गरजेपूर्वी वा गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा त्यांतील सर्वांत घातक मानला, कारण त्याच्या ढिगाआड बाकीचे सगळे दोष लपतात. अमेरिकेतील सुपरमार्केटात मांडणीवरचा माल उचलला गेल्यावरच तितका माल पुन्हा भरला जातो, ही रीत त्यांना मार्गदर्शक वाटली. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचे नाही, आणि ही मागणी ‘कानबान’ नावाच्या कार्डाने कळवायची, ही पद्धत त्याच विचारातून रुजली. १९८८ मध्ये जॉन क्राफ्सिक यांनी एका लेखात या उत्पादनपद्धतीसाठी ‘लीन’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. सॉफ्टवेअरसाठी या विचाराची पद्धतशीर मांडणी मेरी आणि टॉम पॉपेनडीक यांनी २००३ मधील पुस्तकात केली. कारखान्यातील साठ्याच्या जागी त्यांनी अर्धवट काम ठेवले, आणि हे त्यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे. कारखान्यातला साठा जागा अडवतो, पायात येतो. सॉफ्टवेअरमधला साठा कोणाच्या नजरेसही पडत नाही. लिहून झालेले पण मुख्य कोडमध्ये न मिसळलेले बदल, मंजुरी मिळूनही न उघडलेली मागणीपत्रे, चाचणीच्या रांगेत उभी असलेली कामे, हा सगळा तो साठा होय.

एक साधे काम जवळून पाहावे. समजा, ग्राहकाच्या पावतीवर जीएसटी क्रमांक छापावा अशी मागणी आली. क्रमांक कोठे छापायचा या शंकेचे उत्तर यायला ३ दिवस लागले. कोड ४ तासांत लिहून झाला. सहकाऱ्याने तो तपासावा म्हणून २ दिवस गेले, आणि प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासात उरकली. चाचणीच्या रांगेत ४ दिवस, चाचणीला दीड तास. त्यानंतर पुढचे प्रकाशन होईपर्यंत आणखी ५ दिवस. एकूण सुमारे १५ कामाचे दिवस, म्हणजे १२० तास लागले, आणि त्यांपैकी या कामाला कोणाचा तरी हात लागला तो ६ तास. प्रत्यक्ष कामाच्या वेळेचे एकूण वेळेशी असलेले हे प्रमाण, ज्याला प्रवाह-कार्यक्षमता म्हणता येईल, येथे जेमतेम ५ टक्के भरते. कोड लिहिणारा दुप्पट वेगाने लिहू लागला तरी १२० तासांतले २ तासच वाचतील. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून याच ४ तासांवर सारे लक्ष खिळले आहे. तपासणीची रांग तशीच राहिली तर वाढलेल्या वेगाने ती केवळ लांबेल.

रांगेचे गणित नवे नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर व्यवस्थेत एखाद्या कामाला लागणारा सरासरी काळ हा एका वेळी सुरू असलेल्या कामांच्या संख्येला पूर्णत्वाच्या दराने भागले असता मिळतो. महिन्याला १६ कामे पुरी करणाऱ्या गटाकडे ८० कामे उघडी असतील तर प्रत्येकाला सरासरी ५ महिने लागणार. दर तोच ठेवून उघडी कामे ८ वर आणली, तर अर्धा महिना पुरेल. कोणी जास्त राबण्याची गरज नाही. याच्या जोडीला रांगशास्त्रातील दुसरा निष्कर्ष ठेवावा लागतो. कामे अनियमितपणे येत असतील आणि त्यांना लागणारा वेळही कमीजास्त होत असेल, तर एकच माणूस सांभाळत असलेल्या रांगेच्या प्रमाणित गणितानुसार, तो ८० टक्के व्यग्र असताना रांगेतली सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेच्या ४ पट होते, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. वापराचा आकडा शंभरापर्यंत नेण्याचा आग्रह ग्राहकाला किती महाग पडतो, हे यावरून उघड होते.

हे सूत्र प्रत्यक्षात उतरल्याचे प्रसिद्ध उदाहरण भारताशी जोडलेले आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत संगणक-प्रणालींत बदल करणारा एक छोटा गट हैदराबादेत होता, आणि डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने द्रागोश दुमित्रिऊ यांनी २००४ च्या अखेरीस त्याच्या कामाची घडी बदलली. प्रत्येक नव्या मागणीला लागणाऱ्या वेळेचा अंदाज ४८ तासांत देण्याचे बंधन त्या गटावर होते. त्यासाठी हातातले काम बाजूला टाकावे लागे, आणि अंदाज दिलेल्यांपैकी बऱ्याच मागण्या पुढे हाती घेतल्याच जात नसत. हे अंदाज देणे थांबवले गेले, एका वेळी हाती घ्यायच्या कामांवर मर्यादा घातली गेली, आणि जागा रिकामी होईल तेव्हा पुढचे काम कोणते हे मागणीदार विभागांनी मिळून ठरवावे असे ठरले. सुमारे ५ महिन्यांचा कालावधी त्यानंतर काही महिन्यांतच दोन आठवड्यांच्या आसपास आला. गटात पुढे थोडी माणसे वाढली हे खरे, पण सुधारणेची सुरुवात त्याआधीच, केवळ नियम बदलल्याने झाली होती, आणि हीच या उदाहरणातली सर्वांत शिकण्यासारखी बाब आहे.

मोजमापाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबाबत दाखवून दिले, की नियंत्रणासाठी वापरला जाऊ लागताच आकड्यांमधला नेहमीचा संबंध ढासळतो. सॉफ्टवेअरमध्ये हे पदोपदी दिसते: कोडच्या ओळी मोजल्या की ओळी वाढतात, सापडलेले दोष मोजले की एकाच दोषाच्या चार नोंदी होतात, आणि कामाच्या आकाराचे सापेक्ष गुण, म्हणजे ‘स्टोरी पॉइंट’, गटागटांच्या तुलनेसाठी वापरले की तेच काम पुढच्या तिमाहीत मोठे ठरते. मोजता येत नाही त्यावर नियंत्रण ठेवता येत नाही, असे १९८२ मध्ये ठामपणे मांडणाऱ्या टॉम डीमार्को यांनी २००९ मध्ये आपल्याच भूमिकेचा फेरविचार केला, आणि ज्या प्रकल्पाचा लाभ खर्चाच्या कितीतरी पट आहे तेथे कडक नियंत्रणाचे महत्त्व मुळातच कमी असते, असे नोंदवले. म्हणून माणसाचे माप घेणारा प्रत्येक आकडा कामाच्या मापापासून वेगळा ठेवला पाहिजे. कामाचा काळ मोजताना तो कोणाच्या टेबलावर गेला यापेक्षा कोणत्या रांगेत गेला हे विचारले, तर आकडे खोटे करण्याचे कारण बऱ्याच अंशी उरत नाही. आणि असा काळ वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात एकदा शिरला, की तोही निकामी होतो.

अशा नोंदींचा सर्वांत थेट उपयोग ‘हे कधी होईल?’ या प्रश्नाला होतो. सरासरी येथे फसवी ठरते, कारण थोडी कामे फार लांबतात आणि ती सरासरीला आपल्याकडे ओढतात; त्याऐवजी मागील १०० कामे कालावधीनुसार लावून ८५ वे काम पाहावे. ते १२ दिवसांत झाले असेल, तर १२ दिवसांची मुदत १०० पैकी ८५ वेळा पाळली जाते असे ग्राहकाला सांगता येते, आणि त्यासाठी कोणालाही अंदाज बांधत बसावे लागत नाही. उरलेली १५ कामे एकेक करून वाचावीत. त्यांतील पुष्कळशी ग्राहकाच्याच उत्तरासाठी थांबलेली असतात; तेव्हा कामांची कार्डे लावायच्या फलकावर ‘ग्राहकाकडे’ असा वेगळा रकाना आखून त्यातील प्रत्येक कार्डावर थांबण्याची तारीख लिहावी, आणि तो फलक ग्राहकालाही दररोज दिसेल अशी सोय करावी.