एकाला एकच फोटो

मुलांनो, गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या सहलीत मी मोबाइलवर दीडशे फोटो काढले. परत आल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, त्या वाड्याच्या दारावर काय कोरलं होतं?" मला सांगताच येईना! फोटो बघितले, तर सगळ्यांत आमचेच चेहरे, आणि मागं दार झाकलेलं.

तेव्हा वडिलांचा रोलचा कॅमेरा आठवला. एका रोलमध्ये फोटो 36. बटण दाबायच्या आधी वडील इतका वेळ बघत बसायचे, की आम्हाला उभं राहून कंटाळा यायचा.

म्हणून यंदा जानेवारीत मैंदर्गीला जाताना नियम केला. मोबाइल एकच आणि एकाला एकच फोटो. मुलं रुसली, पण काय करणार!

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मैंदर्गी लागतं. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे कानावर मराठीपेक्षा कानडीच जास्त पडते. गावाबाहेर काळ्या रानात शाळू उभा होता. पाऊस कधीच संपला, मग हा वाढतो कशावर? काळी माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, त्या ओलीवर. वरून मात्र ती सुकते आणि भेगाळते. एकीनं भेगेत पट्टी घातली, ती निम्मी आत गेली! तिला त्याच भेगेचा फोटो हवा होता. पण दुपारच्या उन्हात भेग सपाट दिसे. मग ती थांबली. चारनंतर ऊन तिरपं झालं, भेगेत सावली भरली, तेव्हा कुठं तिनं बटण दाबलं.

गावात एक आजी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलांनी मोबाइल वर केला मात्र, आजींनी पदर तोंडावर ओढला आणि कानडीत काहीतरी बोलल्या. आम्ही गप्प. तेवढ्यात उत्तर दिलं कुणी? वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या आमच्या एका मुलानं! त्याच्या घरी कानडी बोलतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. (बाई असून!)

मग आम्ही खाली बसून शेंगा फोडू लागलो. आजी प्रत्येक गोष्ट दाखवताना म्हणायच्या, "इल्लि नोडु!" म्हणजे 'इकडं बघ'. तासाभरानं त्यांनी स्वतःच पदर सारखा केला.

त्या मुलानं मात्र आपला फोटो काढलाच नाही. मोबाइल आजींच्याच हातात दिला. त्या फोटोत आमची डोकी अर्धी कापली गेलीत आणि आजींची म्हैस मात्र अख्खी आलीय! वर्गाच्या भिंतीवर आम्ही तोच लावलाय.

काल मी फळ्यावर लिहीत होते. मागून त्याच मुलाचा आवाज आला, "बाई, नोड्री!" मोठ्यांना 'नोड्री' म्हणायचं, बरं का. वळून बघते, तर खिडकीत चिमणी काडी घेऊन बसलेली.