दाणा कुणासाठी?

पाखरांना दाणा घालावा, तो कोणता हे बघत बसू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. कणीचे तांदूळ, किडके गहू, मक्याचा भरडा, घरात उरेल ते परसातल्या थाळीत पडायचं. दान करताना पात्र-अपात्र कसलं बघायचं, असा त्यात थोडा रुबाबही होता. आता मी दाणा निवडून घेतो आणि शक्यतो थाळीत घालत नाही.

हे मत बदललं पारव्यांनी. गहू, मका पसरला की त्यांचा थवा उतरतो. चिमण्या, होले बाजूला सरतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना कायमचा अपाय होतो. २०२५मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला, त्यातही हाच मुद्दा होता. मग मी बारीक दाण्याकडे वळलो. राळा, नाचणी मुनियांना आवडते, बाजरी चिमण्यांना. सूर्यफूल, करडई ठेवली तर पोपट आणि खारी येतात. विलायती पुस्तकं सूर्यफुलाची एवढी तरफदारी करतात ती तिथल्या हिवाळ्यातल्या पाखरांसाठी. आपल्या परसातले दयाळ, शिंजीर, बुलबुल दाण्यासाठी येतच नाहीत. त्यांना किडे, मध, फळं हवीत.

पण बाजरीवरही पारवे तुटून पडतातच. दाणा बदलून भागेना, तेव्हा लक्षात आलं की तो कुठे असतो यालाही महत्त्व आहे. पारवा जमिनीवर चालत टिपणारा, अंगानं जड. हलत्या कणसाला लटकून खाणं त्याला जमत नाही. मुनियाला सहज जमतं. म्हणून आता पावसाच्या तोंडाला कुंपणालगत बाजरी आणि राळा पेरतो आणि कणसं कापत नाही. बियाणं निवडताना शेतकऱ्याच्या उलट चालतो. पाखरं लागू नयेत म्हणून तो कुसळांची बाजरी किंवा तुरट लाल ज्वारी पसंत करतो. मला बिनकुसळांची बाजरी हवी असते. दुकानातलं औषध चोळलेलं रंगीत बियाणं मात्र घेत नाही, साधं धान्यच पेरतो. धाटांवर किडेही येतात आणि चिमणीच्या पिल्लांना दाण्यापेक्षा तेच लागतात.

यात तोटाही आहे. परस अस्ताव्यस्त दिसतं, शेजारी तण काढायला सुचवतात. थाळीवरची पाखरं खिडकीतून जवळ दिसायची, धाटांत ती नीट दिसत नाहीत. त्यावरून कळतं की थाळी निम्मी तरी माझ्या बघण्याच्या हौसेसाठी होती. ती हौस पूर्ण सोडायची तयारी नाही. उन्हाळ्यात धाटं नसतात, तेव्हा सकाळी मूठभर राळा टाकतो आणि संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा घालत नाही. पाणी मात्र दिवसभर ठेवतो; ते पारवाही प्यायला तरी माझी हरकत नसते.