दीडशे रुपयांची चूल

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर माळा साफ करताना एक जुनी कापडी पिशवी खाली आली. आत तांब्याची लहान देगची होती. देगचीत फडक्यात गुंडाळलेला काळाकुट्ट पत्र्याचा डबा आणि एक चिमटा. घरातल्या पोरांनी पिशवी सरळ भंगाराच्या ढिगावर टाकली. भंगारवाला म्हणाला, "तांब्याचं वेगळं तोलतो, भाव चांगला देतो. डब्याचे काही येणार नाहीत."

ज्याचे काही येणार नव्हते तो डबाच आम्ही तिघा भावांनी आधी उचलला. कुणी कुणाला सांगितलं नाही. तिघांचे हात एकदमच पुढं झाले, एवढंच.

हा डबा म्हणजे चूल. आमच्या चाचांनी बनवलेली.

आम्ही जुन्नरचे. चाचांचं कल्हईचं दुकान मोहल्ल्याच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, एक ओटा, त्याच्या मागं अंधारी खोली, जमिनीत खणलेली भट्टी आणि तिला वारा घालणारा कातडी भाता. सुट्टीच्या दिवशी भाता मारायला आम्हांला बसवत. भांडं चांगलं तापलं की चाचा आत नवसागराची चिमूट टाकत. पांढरा धूर भसकन वर यायचा, डोळे चुरचुरायचे. मग कथलाची कांडी आतून टेकवली की ती लोण्यासारखी वितळायची आणि कापसाच्या बोळ्यानं चाचा ती अशी फिरवत, की क्षणापूर्वी काळं दिसणारं भांडं चांदीचं व्हायचं. बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या बाया पितळेचे हंडे, परात, पातेली घेऊन रांगेत बसत. कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी कळकते, ताक हिरवं पडतं, हे त्या वेळी प्रत्येक घराला माहीत होतं.

मग स्टीलची भांडी आली. स्टीलला कल्हई लागत नाही. आमच्या डोळ्यांदेखत ती रांग आखडत गेली. चाचा पत्र्याच्या कामाकडं वळले. नरसाळी, चाळण्या, रॉकेलची मापं, चिमण्या, गुऱ्हाळासाठी पळ्या. मग त्या जागी प्लॅस्टिक आलं.

शाळेत आम्हांला 'कल्हईवाले' म्हणत. अब्बा नगरपालिकेत कारकून होते, हे आम्ही न विचारता सांगायचो. चाचांच्या दुकानासमोरून मित्रांबरोबर जायची वेळ आली, तर आम्ही गल्ली बदलायचो. चाचांना ते कळत होतं की नाही, याचा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही.

1988 सालच्या डिसेंबरात आम्ही तिघांनी नाणेघाटात मुक्कामाला जायचं ठरवलं. जुन्नरहून घाटघरची एस.टी. पकडायची, तिथून पायी. प्रश्न आला स्वयंपाकाचा. अम्मीचा पितळी पंपाचा स्टोव्ह होता. पण तो जड, रॉकेल सांडणार, काकडा पेटवा, पंप मारा, पिन मारा, आणि मुळात अम्मी तो देणार नव्हती. तीन दगडांची चूल मांडावी, तर तिला लाकूड फार लागतं आणि घाटातल्या वाऱ्यात निम्मी आग भांड्याला सोडून भलतीकडंच पळते.

तेव्हा आम्हीच चूल करायचं ठरवलं. दूध पावडरीचा डबा घेतला, त्याला खिळ्यानं भोकं पाडली, पट्टीचे तीन पाय जोडले आणि वर भांडं टेकायला एक कडं बसवलं. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले असताना त्यांच्या दुकानात शिरून, सळई तापवून, पायांना आणि कड्याला डाख मारला. डाख असा चकाकत होता की आम्ही आमच्यावरच खूश झालो.

नाणेघाटाच्या लेण्यात चूल पेटवायची नाही, हे इतिहासाच्या मास्तरांनी आम्हांला बजावलं होतं. तिथल्या भिंतींवर सातवाहनांच्या नागणिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांची अक्षरं, त्यांवर काजळी धरली तर ती कोण काढणार? म्हणून आम्ही बाहेर, खडकाच्या आडोशाला बसलो. चूल पेटली. वर खिचडीचं पातेलं चढलं. पाण्याला आधण आलं, तांदूळ-डाळ आत गेली आणि पाचेक मिनिटांत चूल एका अंगाला झुकली. आम्ही 'अरे, अरे' म्हणेपर्यंत एक पाय निखळला, कडं सुटलं आणि पातेलं निखाऱ्यांवर पालथं झालं. आग विझली. कच्ची खिचडी राखेत. त्या रात्री आम्ही गूळ-शेंगदाणे खाऊन झोपलो. झोपलो म्हणजे कुडकुडत पडून राहिलो.

परत आल्यावर ते अवशेष आम्ही घरामागं फेकून दिले. चाचांच्या ते नजरेस पडले. त्यांनी पाय उचलला, जोडाची जागा अंगठ्यानं चोळली आणि हसत सुटले.

"चूल्हे को डाख लगाए? पागल हो क्या रे?"

मग त्यांनी आम्हांला ओट्यावर बसवलं. कथील 232 अंशांना वितळतं. शिसं मिसळलेला डाख तर त्याच्याही कितीतरी आधी, 183 अंशांना सुटू लागतो. हे आकडे आम्ही पुढं पुस्तकात वाचले. चाचांना आकडे ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "डाख पाण्याच्या भांड्याला. आगीच्या भांड्याला घडी. पत्र्याला पत्र्यानंच धरायचं."

पुढचे दोन दिवस आम्ही त्यांच्या हाताखाली होतो. आधी त्यांनी डबे निवडले. दूध पावडरीचा मोठा डबा, चार इंच व्यासाचा, पाच इंच उंच, आणि गोड घट्ट दुधाचा लहान डबा, तीन इंच व्यासाचा. आम्ही कोपऱ्यातला जस्ती पत्रा पुढं केला, तर हातावर चापट बसली. जस्ताचा मुलामा फार तापला की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडीताप भरतो. भट्टीवर बसणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मोठा डबा त्यांनी पालथा घातला. बुडात लहान डब्याच्या घेरापेक्षा दोन सूत कमी असं गोल भोक कापलं, कडेला कातरीनं दाते पाडले आणि लहान डबा त्यातून खाली ठोकत नेला. दात्यांनी तो असा गच्च धरला की हलेना. ना डाख, ना रिबिट. मोठ्या डब्याच्या खालच्या कडेला हवेसाठी भोकांची रांग. लहान डब्याचं बूड चाळणीसारखं. आणि त्याच्याच वरच्या कडेला, काठाखाली अर्ध्या इंचावर, बारीक भोकांची आणखी एक रांग. ही वरची भोकं कशाला, ते आम्हांला कळेना.

"पेटव, मग समजेल," चाचा म्हणाले.

आत बोटभर लांबीच्या काटक्या उभ्या रचल्या आणि वरून पेटवल्या. सुरुवातीला डब्याचा रंग जळून घाण वास सुटला. म्हणून पहिली आग रिकामीच काढायची, तिच्यावर काही शिजवायचं नाही. मग आग स्थिरावली आणि त्या वरच्या भोकांतून ज्वाळेच्या जिभा निघू लागल्या, गॅसच्या शेगडीसारख्या गोल. दोन डब्यांमधली हवा तापून वर चढते, त्या भोकांतून आत शिरते आणि लाकडाचा धूर होऊन जे वाया जाणार असतं तेच जाळते. पेट घेतल्यावर धूर जवळजवळ दिसेना. मूठ-दोन मूठ काटक्यांवर तांब्याभर पाण्याला आधण आलं. आज अशा चुली बाजारात मिळतात, त्यांना मोठी नावं आहेत. चाचांनी ती कुठं पाहिली होती, की भट्टीपाशी जन्म घालवल्यावर हवा आपोआप कळायला लागते, हे आम्ही विचारलं नाही.

वर भांडं टेकायला तिसऱ्या डब्याची पट्टी, कड एकमेकींत मुडपून ठोकलेली, एका बाजूला काटक्या सारायला तोंड ठेवलेलं. ही पट्टी चुलीभोवती बसे आणि चूल फडक्यात बांधून देगचीत. देगची चाचांनी स्वतःची दिली, तांब्याची, आतून नवी कल्हई केलेली. जड होईल, असं आम्ही म्हणालो. "छोटी आग एकाच जागी लागते. तांबं ती सगळीकडं पसरवतं, खिचडी करपत नाही," ते म्हणाले. आणि दोन गोष्टी बजावल्या. रिकामी देगची आगीवर ठेवायची नाही, नाहीतर कल्हई वितळून खाली जमा होईल. आणि थंडी कितीही असो, पेटती चूल बंद जागेत घेऊन झोपायचं नाही.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा नाणेघाटात गेलो. वाटेत वाळलेल्या कारवीच्या काटक्या गोळा केल्या. खिचडी झाली, चहा झाला. शेजारी पुण्याहून आलेला कॉलेजच्या मुलांचा गट उतरला होता. त्यांचा स्टोव्ह तुंबला होता आणि पिन घरी राहिली होती. आम्ही त्यांचा चहा आमच्या चुलीवर करून दिला. सगळे भोवती बसले. चूल हातात घेऊन, फिरवून पाहिली. एकानं विचारलं, "काय मस्त आहे हो! कुठून घेतली?"

आमच्यातला थोरला म्हणाला, "पुण्यातून."

"कितीला?"

मधला म्हणाला, "दीडशे."

धाकटा काही बोलला नाही. पण त्यानं खरंही सांगितलं नाही. म्हणजे खोटं आम्ही तिघांनी मिळून बोललो. त्या मुलांनी दुकानाचा पत्ताही विचारला आणि आम्ही लक्ष्मी रोडवरचं एक दुकान तिथल्या तिथं उभं केलं.

मागं त्या लेण्यात नागणिकेनं दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे, नाण्यांचे आकडे दगडात कोरलेले आहेत. काय दिलं आणि किती दिलं, ते दोन हजार वर्षं तिथं उभं आहे. आम्हांला चाचांचं नाव नुसतं तोंडानं घ्यायचं होतं, तेही झालं नाही.

घरी आल्यावर धाकट्याच्या पोटात ते राहिलं नाही. त्यानं दुकानात जाऊन सगळं सांगून टाकलं. आम्ही दोघं दाराआड उभे होतो. चाचा कुठलीशी चाळणी ठोकत होते. हातोडी थांबली. आता रागावतील, असं वाटलं.

त्यांनी विचारलं, "किंमत किती सांगितली?"

"दीडशे."

"कमी सांगितली रे," चाचा म्हणाले आणि पुन्हा ठोकू लागले.

एवढंच. त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही. त्या महिन्यात त्यांची कमाई दीडशे तरी झाली होती का, कोण जाणे. आम्ही मात्र त्यानंतर गल्ली बदलणं सोडलं. पण सोडलं म्हणून झालेलं पुसत नाही.

चाचा 2004 मध्ये गेले. त्यांचा मुलगा आधीच आखातात गेला होता. ओट्याच्या जागी आज मोबाइलचं दुकान आहे. ऐरण कुणी नेली ते माहीत नाही. पत्र्याची कातर आमच्याकडं आहे.

2021 मध्ये थोरल्याच्या मुलानं शीतपेयाच्या दोन कॅनची स्पिरिटची शेगडी केली होती. मुठीएवढी, वजन नसल्यासारखी. कौतुक वाटावं अशीच. पण स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. भर दुपारी अंगणात त्याला ती विझली असं वाटलं आणि त्यानं बाटलीतून वर स्पिरिट ओतलं. आग धारेवरून हातावर चढली. पंजा भाजला, महिनाभर पट्टी होती. पूर्ण गार होऊन झाकण घालून खात्री केल्याशिवाय स्पिरिट पुन्हा ओतायचं नाही, हे आम्हांला तेव्हा कळलं. काटक्यांची चूल निदान पेटलेली दिसते. तिचेही आता नियम आहेत. हरिश्चंद्रगडाकडच्या अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते.

भंगारवाला गेल्यावर आम्ही चूल अंगणात पेटवली. वरच्या भोकांतून ज्वाळा निघाल्या. तोच मुलगा जवळ येऊन बसला. त्याच्या तळव्यावर अजून व्रण आहे.

"ही कुठून घेतली होती?"

यावेळी तिघांनीही सांगितलं. कुणी बनवली, कुठं बनवली, कसली भट्टी होती, आणि पुण्याच्या मुलांना आम्ही काय सांगितलं होतं, तेही. तो ऐकत राहिला. संध्याकाळी दोन डबे घेऊन आला आणि चाचांची कातर मागितली. दाते पाडताना त्याचा हात चुकत होता, आतला डबा सैल बसला.

"इथं थोडा डाख मारू का?" त्यानं विचारलं.

आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "चूल्हे को डाख?"