उघडत नसलेले फोटो

घरातले सगळे डिजिटल फोटो एका कॅटलॉगमध्ये घातले की शेवटी एक ढीग उरतो. सॉफ्टवेअर त्यातल्या बऱ्याच फोटोंवर ‘सापडत नाही’ किंवा ‘उघडत नाही’ एवढाच शेरा मारतं आणि शेजारी यादीतून काढून टाकायचं बटण देतं. ते दाबण्याआधी ढिगात काय आहे ते लिहून ठेवतो आहे.

अर्धे राखाडी फोटो. वर तोरण, नवरीच्या मुंडावळ्या, मागे उभी मावशी. तिच्या खांद्याखाली सपाट राखाडी रंग. साधी जेपेग फाइल वरून खाली उलगडते. कॉपी पुरी व्हायच्या आत कार्ड उपसलं तर आलेला भाग दिसतो, उरलेली जागा राखाडी होते. पण फाइलच्या अगदी सुरुवातीला, एक्झिफच्या माहितीत, कॅमेऱ्याने बहुधा १६० बाय १२० पिक्सेलची एक छोटी प्रत ठेवलेली असते. ती पुष्कळदा वाचते. टपालाच्या तिकिटाएवढ्या त्या चित्रात मावशीचे हात आहेत, हातात ताम्हण आहे. मोठ्या फोटोत आता ते कुठेच नाहीत.

पत्ता चुकलेल्या नोंदी. हार्ड डिस्क बदलली, ड्राइव्हचं अक्षर बदललं, कुणी फोल्डरचं नाव सुधारलं. फाइल धडधाकट असते, कॅटलॉगला फक्त नवी जागा दाखवायची असते. घाईत नोंदच काढली जाते आणि तिच्याबरोबर कुणीतरी बसून टाइप केलेली ओळही जाते, ‘डावीकडून दुसरे आबा’. ती ओळ फोटोत लिहिलेली नव्हती, कॅटलॉगमध्येच होती. फोटो जाण्यापेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं. आबांना ओळखणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.

पिकासा हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर गूगलने २०१६ मध्ये बंद केलं. त्याच्या छोट्या लपवलेल्या फाइली अजून फोल्डराफोल्डरात आहेत. कुठला फोटो कापला, कुठला सरळ केला, कशाला तारा दिला, ते त्यांत लिहिलेलं आहे. नवं सॉफ्टवेअर त्या वाचत नाही, त्यामुळे सरळ केलेलं बारसं पुन्हा तिरकं दिसतं.

एक जानेवारीचे गणपती. बॅटरी पार उतरली की कॅमेऱ्याचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. मागच्या भिंतीवरचं कालनिर्णयचं पान मोठं करून पाहावं, महिना आणि वर्ष मिळतं. दिवस चतुर्थीवरून कळतो. एका फोटोची खरी तारीख लागली, की त्या वेळचे सगळे फोटो तेवढ्याच फरकाने पुढे सरकवता येतात.

व्हॉट्सॲपवरून आलेले. उघडतात, पण लहान झालेले. कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ आणि जागा गळलेली. मूळ ज्या फोनमध्ये होते तो विकला गेला.

शून्य बाइटच्या फाइली. नाव आणि क्रमांक आहे, आत काही नाही. आधीच्या क्रमांकात आजी पाटावर बसते आहे, पुढच्यात पाट रिकामा आहे. ही नोंदही ठेवली आहे.

जुन्या कॅटलॉगची प्रत त्याच्या प्रीव्ह्यूच्या फोल्डरसकट जपावी. मूळ फाइल गेलेल्या काही फोटोंची बऱ्यापैकी मोठी प्रत तिथेच उरते. ती बाहेर काढली तर फाइलच्या नावात ‘प्रीव्ह्यूवरून’ असं लिहावं, म्हणजे पुढे उघडणारा मूळ फोटो शोधायचं थांबवणार नाही.